तीन मीटरची भरती, साडेतीन मीटरची लाट

पावसाळ्यात बातम्यांमध्ये भरतीची उंची आणि लाटांचा इशारा शेजारीशेजारी येतात. कोकणातल्या मांडवीच्या जेटीवर हवा खायला आलेले अनेक जण हे आकडे एकमेकांशी ताडून पाहतात. भरती तीन मीटरची, लाट साडेतीनची, म्हणजे फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा! मुळात दोन्ही उंची एकाच जागेपासून मोजलेल्या नसतात.

तीन मीटरची भरती म्हणजे पाणी तीन मीटर चढणार, हाही गैरसमजच. ही उंची नौकानयनाच्या नकाशातल्या शून्यापासून धरतात आणि ते शून्य मुद्दाम मोठ्या ओहोटीच्या पातळीजवळ ठेवलेले असते. मुंबईत ते सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. आधीची ओहोटी 0.8 मीटरची असेल, तर तीन मीटरच्या भरतीला पाणी प्रत्यक्षात 2.2 मीटरच चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा चढउतार वाढतो, अष्टमीच्या भांगाला कमी होतो.

स्टेशनच्या पाटीवरची 'समुद्रसपाटीपासून उंची' आणखी वेगळी. तिचा आधार सरासरी समुद्रपातळी. देशासाठी ती 1909 मध्ये मुंबई, कारवारसह नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून पक्की झाली. काही जीपीएस यंत्रे मात्र पृथ्वीच्या गणिती आकारापासून उंची मोजतात. कोकणात खरी समुद्रपातळी त्या आकाराच्या साठहून अधिक मीटर खाली आहे, म्हणून मांडवीच्या वाळूवर असे यंत्र उणे आकडा दाखवते. यंत्र बिघडलेले नसते.

सर्वांत घातक गैरसमज लाटेबद्दलचा आहे. लाटेची उंची समुद्रपातळीपासून नव्हे, तर लाटेच्या तळापासून माथ्यापर्यंत मोजतात. शिवाय हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सागरी माहिती केंद्राच्या अंदाजात येणारी उंची सर्वांत मोठ्या लाटेची नसते. साधारणपणे ती सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. साडेतीन मीटरच्या इशाऱ्यात खुल्या समुद्रात सहा-सात मीटरची लाट उठणे अशक्य नाही. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात लाटा फुटून कमी होतात खऱ्या, पण भरतीच्या वेळी पाणी खोल असते आणि त्या अधिक जोराने आत येतात. दहा-पंधरा मिनिटे पाणी शांत दिसले म्हणून पुढची लाटही तेवढीच येईल, असे मुळीच नाही.

म्हणून मांडवीला जाण्याआधी भरतीची वेळ आणि लाटांचा इशारा दोन्ही पाहा, आणि इशारा असेल त्या दिवशी जेटीच्या टोकाकडे मुलांना नेऊ नका.