पारिपार्श्विकाचें मोल

संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेंत सूत्रधाराबरोबर कधीं नटी येते, तर कधीं पारिपार्श्विक येतो. पार्श्व म्हणजे बाजू. बाजूस राहून सूत्रधारास साह्य करणारा तो पारिपार्श्विक. तो दोन-चार वाक्यें बोलतो आणि प्रस्तावना संपतांच निघून जातो. पुढें नाटक रंगलें तर प्रेक्षक कवीची वाहवा करतात, नटांची करतात, क्वचित् सूत्रधारासही आठवतात. पारिपार्श्विकाची विचारपूस करावी असें कोणासही सुचत नाहीं. आजच्या क्रीडाजगतांत हाच मनुष्य साहाय्यक प्रशिक्षक या नांवानें वावरतो. विजयाच्या वेळीं ज्याची आठवण शेवटीं होते आणि पराजयाच्या वेळीं मात्र लागलीच होते, अशा या माणसाची कारकीर्द कशी असते, हें आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

हें पद फार विस्तारलें तें अमेरिकेंत. तेथील फुटबॉल आपल्या फुटबॉलहून अगदीं निराळा. अंडाकृति चेंडू हातांत घेऊन धांवण्याचा व फेंकण्याचा तो खेळ आहे. एकाच संघांत चढाई करणारे अकरा गडी वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. प्रत्येक गटास निराळे शिक्षक, आणि त्या सर्वांवर एक मुख्य. स्टीव्ह बेलिचिक नांवाचे गृहस्थ १९५६ पासून १९८९ पर्यंत अॅनापोलिस येथील नौदलाच्या विद्यालयांत असे साहाय्यक प्रशिक्षक होते. प्रतिपक्षाचे सामने पाहून त्याच्या डावपेचांचीं टिपणें आणणें, हें त्यांचें मोठें काम. या विद्येवर त्यांनीं १९६२ सालीं एक ग्रंथही लिहिला. त्यांचा मुलगा बिल बापाजवळ बसून लहानपणींच हीं टिपणें वाचावयास शिकला, १९७५ सालीं स्वतः साहाय्यक म्हणून या व्यवसायांत शिरला, आणि पुढें न्यू इंग्लंडच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक होऊन त्यानें सहा वेळां अजिंक्यपद मिळविलें. मुलाचें नांव जगास ठाऊक झालें. ज्या घरांतून ती विद्या आली त्या घरचा धनी मात्र दुय्यम पदावरूनच निवृत्त झाला.

आपल्याकडे हें पद क्रिकेटमध्यें आलें आणि आतां चांगलेंच रुजलें आहे. फलंदाजी, गोलंदाजी व क्षेत्ररक्षण या तिहींस तीन साहाय्यक आणि त्यांवर एक मुख्य, अशी भारतीय संघाची व्यवस्था असते. या व्यवस्थेंत ज्यांची कारकीर्द विचार करण्यासारखी झाली, ते आपले मुंबईचेच श्री. पारस म्हांब्रे.

म्हांब्रे यांचा जन्म २० जून १९७२ रोजीं मुंबईस झाला. मध्यमगति गोलंदाज म्हणून ते मुंबईकडून अनेक वर्षें खेळले; प्रथम श्रेणीच्या ९१ सामन्यांत त्यांनीं २८४ बळी घेतले आणि मुंबईच्या संघाचें नेतृत्वही केलें. परंतु भारताकडून कसोटी सामने त्यांच्या वांट्यास आले ते दोनच, तेही १९९६ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत. त्यांपैकीं दुसरा सामना लॉर्ड्सच्या मैदानावर २० जून रोजीं, म्हणजे त्यांच्या चोविसाव्या वाढदिवशींच, सुरू झाला. याच सामन्यांत सौरव गांगुली यांनीं पदार्पणांत १३१ धांवा केल्या आणि राहुल द्रविड यांनीं ९५. त्या दोघांस त्या दिवसापासून कीर्तीचें दार उघडलें. म्हांब्रे यांस तें तेथेंच बंद झालें. दैवाची ही वांटणी अशी विलक्षण कीं एकाच अंगणांत एकाचें लग्न लागावें आणि दुसऱ्याची पाठवणी व्हावी!

पुष्कळ खेळाडू येथें खेळाकडे पाठ फिरवितात. म्हांब्रे यांनीं शिकविण्याचा मार्ग धरिला. बंगाल, बडोदें, विदर्भ अशा संघांस त्यांनीं शिकविलें, बंगळूरच्या राष्ट्रीय अकादमींत काम केलें, आणि द्रविड हे एकोणीस वर्षांखालील मुलांच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक असतांना त्यांचे साहाय्यक म्हणून गोलंदाजांची जबाबदारी उचलली. ३ फेब्रुवारी २०१८ रोजीं न्यूझीलंडांत या मुलांनीं ऑस्ट्रेलियाचा आठ गडी राखून पराभव केला व विश्वचषक जिंकला. पुढील खेपेस, २०२० सालीं, म्हांब्रे स्वतःच मुख्य प्रशिक्षक होते. दक्षिण आफ्रिकेंत संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला आणि तेथें बांगला देशाकडून हरला. त्यानंतर १९२१ नव्हे, अवघ्या पावणेदोन वर्षांनीं, म्हणजे नोव्हेंबर २०२१ मध्यें, ज्येष्ठ संघाचें मुख्य पद द्रविड यांस मिळालें, तेव्हां म्हांब्रे पुन्हां त्यांचे साहाय्यक झाले. फलंदाजीचे साहाय्यक होते विक्रम राठोड, आणि तेही १९९६ च्या लॉर्ड्सच्या सामन्यांतले गडी. एका अकरांतील तिघे पंचवीस वर्षांनीं असे पुन्हां एकत्र आले. एकदां गादीवर बसलेल्या माणसानें पुन्हां बाजूस उभें राहावें, हें आपल्या लोकांस अवघड वाटतें. पण कामाची आवड पदाच्या आवडीहून मोठी असली म्हणजे तें साधतें.

गोलंदाजी शिकविणाऱ्याचें काम बाहेरून दिसत नाहीं. धांवतांना पाऊल कोठें पडतें, मनगट कसें वळतें, चेंडूची शिवण सरळ राहते कीं नाहीं, हें त्यास रोज पाहावें लागतें. कोणी आठवड्यांत किती चेंडू टाकले, हेंही मोजावें लागतें. कारण भार एकाएकीं वाढला तर तरुणाची पाठ किंवा गुडघा जायबंदी होतो. कोणास थांबवावयाचें आणि कोणास धीर द्यावयाचा, हें ओळखणें तर त्याहून कठीण. २०२३ च्या विश्वचषकांत महंमद शमी यांनीं २४ बळी घेतले. तथापि १९ नोव्हेंबर रोजीं अहमदाबादेस अंतिम सामना हातचा गेला. २९ जून २०२४ रोजीं बार्बाडोस येथें वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना भारतानें दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सात धांवांनीं जिंकला, तो प्रामुख्यानें शेवटच्या षटकांतील गोलंदाजीवर. गोलंदाजांचीं नांवें घरोघर झालीं, आणि तें योग्यच झालें. त्यांस तयार ठेवणाऱ्याचें नांव किती घरांत निघालें?

आतां मोलाची गोष्ट. २०१८ च्या विजयानंतर क्रिकेट मंडळानें बक्षिसें जाहीर केलीं: मुख्य प्रशिक्षकास ५० लक्ष रुपये, प्रत्येक खेळाडूस ३० लक्ष, आणि साहाय्यकांस २० लक्ष. द्रविड यांस ही वांटणी पसंत पडली नाहीं. सर्वांनीं सारखेंच काम केलें असतां मला अधिक कां, अशी हरकत त्यांनीं घेतली, आणि अखेर मंडळानें त्यांस व साहाय्यकांस सरसकट २५ लक्ष रुपये ठरविले. म्हणजे द्रविडांची रक्कम निम्मी झाली. २०२४ सालींही मुख्य प्रशिक्षकास पांच कोटी आणि इतर प्रशिक्षकांस अडीच कोटी असें ठरलें असतां त्यांनीं आपले जास्तीचे अडीच कोटी नाकारले, असें वृत्त त्या वेळीं प्रसिद्ध झालें. थोर मनाचें हें लक्षण खरेंच. परंतु त्यांतील दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मुख्य माणूस बोलला म्हणून साहाय्यकास न्याय मिळाला. तो गप्प बसता तर? ज्याचा न्याय दुसऱ्याच्या औदार्यावर अवलंबून असतो, त्याची स्थिति बिकटच म्हणावयाची. शिवाय मुख्याची मुदत संपली म्हणजे साहाय्यकाचीही बहुधा संपते. अमेरिकेंत हा नित्याचा प्रघात आहे, आणि २०२४ च्या विजयानंतर द्रविडांबरोबर म्हांब्रेही भारतीय संघांतून निघाले.

आमच्या कांजूरमार्ग स्थानकावर सुटीच्या दिवशीं सकाळीं पाहावें, तों पाठीवर बॅटींच्या लांब पिशव्या घेतलेलीं मुलें दादरकडे जाणाऱ्या गाडींत चढत असतात. बरोबर आई किंवा बाप असतो, आणि त्यांच्या डोळ्यांपुढें एखाद्या विश्वविख्यात फलंदाजाची मूर्ति असते. त्यांतील एखाद्यानें मोठेपणीं दोनच कसोटी सामने खेळले तर घरचे हळहळतील, आणि एकही न खेळला तर सारी मेहनत वायां गेली असें म्हणतील. शाळेंतही हेंच चालतें. हेडमास्तरांची तसबीर भिंतीवर लागते. ज्या असिस्टंट मास्तरांनीं तीस वर्षें पहिल्या इयत्तेस अक्षर वळवावयास शिकविलें, त्यांचें नांव जुन्या हजेरीपटाबरोबर कपाटांत जातें. आपल्या सुशिक्षित घरांतून मुलांस पहिलें येण्याचा उपदेश होतो. दुसऱ्यास पहिला येण्यास मदत करणें हीही एक विद्या आहे आणि तिच्यांत जन्म सार्थकीं लागतो, हें मात्र कोणी सांगत नाहीं.

सर्वांनीं दुय्यम राहावें असा याचा अर्थ नव्हे. अर्थ इतकाच कीं बाजूचें आसन म्हणजे अपयशाची जागा नव्हे, आणि त्या आसनावरच्या माणसाचा वाटा कोणाच्या कृपेनें नव्हे, रीतीनें ठरला पाहिजे. मुलास खेळावयास धाडणाऱ्या आईबापांनीं एक सोपी गोष्ट करून पाहावी: संध्याकाळीं तो परत आला म्हणजे किती धांवा केल्यास, हें विचारण्याआधीं, आज तुला चेंडू कोणीं टाकले, तें विचारावें.