गाडीची चाबी हरवली तर?



गाळप हंगाम सुरू झाला की मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहत नाही. टोळी कोणत्या फडात उतरली, ट्रॅक्टर कुठं फसला, मजुरांना उचल कधी द्यायची, ही सगळी धावपळ दुचाकीवरच चालते. अशा दिवसांत गाडीची चाबी हरवणं पूर्वी किरकोळ होतं, आता राहिलेलं नाही. म्हणून या अंकात बेणे-खताचा विषय बाजूला ठेवून याबद्दल चार शब्द लिहीत आहोत.

राजदूत, येझदी किंवा १९७२ साली आलेली बजाज चेतक ज्यांनी चालवली, त्यांना आठवत असेल. चाबी हरवली तर बाजारातला चाबीवाला कानशीनं घासून दुसरी करून देई. तोही नसला तर मिस्त्री वायरी इकडच्या तिकडं करून इंजिन सुरू करी. पण जी सोय मालकाला होती तीच चोरालाही होती. म्हणून युरोपात १९९८ पासून नव्या मोटारगाड्यांना इलेक्ट्रॉनिक कुलूप सक्तीचं झालं. पुढे ते महागड्या मोटारसायकलींना आलं, आणि आता आपल्या अंगणातही पोहोचलं आहे. २०२० साली विजेवरची चेतक खिशात ठेवायच्या चाबीसह आली; २०२३ साली अ‍ॅक्टिव्हाही तशा ‘स्मार्ट’ चाबीसह मिळू लागली.

या चाबीत असतं तरी काय? चाबीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक बारीक चिप असते. तिला सेल लागत नाही. कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, त्याच्याकडून तिला क्षणभर शक्ती मिळते आणि ती आपला गुप्त क्रमांक कळवते. इंजिनाचा कारभार पाहणारा छोटा संगणक तो क्रमांक आपल्या यादीशी ताडून पाहतो. जुळला तर इंजिन सुरू होऊ देतो, नाही तर नाही. खिशातल्या स्मार्ट चाबीत मात्र बटणासारखा गोल सेल असतो. तो संपत आला की चाबी जवळ असूनही गाडी ओळख देत नाही. तेव्हा आधी सेल तपासावा, चाबी बिघडली असं लगेच समजू नये.

सोप्या भाषेत सांगायचं तर ही चाबी ऊसनोंदीसारखी आहे. ऊस कितीही जोमदार असो, प्लॉटची नोंद नसेल तर तोडीची चिठ्ठी निघत नाही. तसंच चाबीचे दात हुबेहूब घासले, ती कुलपात फिरली, तरी गाडीत नोंद नसेल तर इंजिन सुरू होत नाही.

गेल्या हंगामात मौदा भागातील एक सभासद ट्रॅक्टरचा भाग आणायला नागपूरला गेले. सीताबर्डीच्या गर्दीत चाबी पडली. चाबीवाल्यानं दुसरी करून दिली. ती फिरली, दिवेही लागले, पण गाडी काही सुरू होईना. “साहेब, चाबी तर बरोबर लागते, मग गाडी काऊन चालू होत नाही?” असा त्यांचा फोन आम्हाला आला. दुसरी मूळ चाबी मुलाच्या सामानात पुण्याला गेलेली. ती येईपर्यंत त्यांचे दोन दिवस नागपुरातच गेले. इकडे चिठ्ठी निघालेली, टोळी फडावर हजर, आणि गाडीला वाट करून द्यायला मालक नाही. टोळी पुढच्या फडात गेली, यांची पाळी मागं पडली. चाबीचा खर्च सोसला, पण वाढ्याला आलेल्या उसाचा खोळंबा सोसवला नाही.

यावरून सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. नवी गाडी घेताना दोन्ही चाब्या आणि चाबीच्या क्रमांकाची पट्टी मागून घ्यावी. क्रमांक वहीत उतरवून ठेवावा.

२. दुसरी चाबी शेअर सर्टिफिकेटजवळ, घरातच ठेवावी. दोन्ही चाब्या एकाच जुडग्यात कधीही नकोत. काही गाड्यांबरोबर नोंदणीसाठी लाल चाबी मिळते, ती रोज वापरू नये.

३. एक चाबी हरवली की लगेच, दुसरी हाती असतानाच, तिसरी नोंदवून घ्यावी. एक असताना काम सोपं असतं. सगळ्याच गेल्या तर बऱ्याच गाड्यांत कुलूप आणि संगणकही बदलावा लागतो, आणि खर्च हजारांत जातो.

४. विक्रेत्याकडे जाताना आर.सी., ओळखपत्र आणि शिल्लक असलेल्या सगळ्या चाब्या न्याव्यात. हरवलेल्या चाबीची नोंद गाडीतून पुसायला सांगावं. नाही तर सापडणाऱ्याला गाडी मोकळी.

५. वायरी तोडून जोडण्याचा प्रयोग रस्त्यावर करू नये. हँडल लॉक असेल तर ओढाताण न करता गाडी टेम्पोत घालावी.

६. चाबी हरवल्याची पोलिसांत नोंद करून पोच घ्यावी. पुढे गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी बहुधा दोन्ही चाब्या मागते, तेव्हा ही पोच कामी येते.

चोरीच्या बाबतीत तर क्षणाचाही उशीर नको. पोलिसांत लगेच फिर्याद दिली असेल, तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं आहे. चाबी आत राहिलेल्या एका ट्रकच्या चोरीत २०२३ साली मालकाला दाव्याच्या पाऊणपट रक्कम मंजूर झाली. पण त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. ते कोणाच्याही वाट्याला न येवो.

आणखी एक. खाली वाकून पाणी देताना, फडात फिरताना शर्टाच्या वरच्या खिशात चाबी ठेवू नये. पाचटात पडली तर शोधून सापडत नाही, आणि पाचट पेटवलं तर चिपही गेली. पाचट जाळू नका हे आमचं सांगणं जुनंच आहे, त्याला हे एक नवं कारण मिळालं.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा: दुसरी चाबी कुठं आहे ते पाहा, आणि तिनं गाडी एकदा सुरू करून बघा.