पडदे, पायरी आणि मागचा बाक

२०२५ च्या नोव्हेंबरात ‘सिएरा’ हे जुने नाव नव्या गाडीवर परत आले आणि पिंपरी-चिंचवडमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींनी जुने अल्बम बाहेर काढले. पहिली सिएरा १९९१ ची. तेव्हा टाटा मोटर्सचे नाव टेल्को होते आणि पिंपरीत कंपनी म्हटले की पुष्कळ घरांत तीच समजली जाई. टाटा २०७ या पिकअपच्या सांगाड्यावर बांधलेली ती गाडी दिसायला परदेशी वाटे. मागची काच वळून छतापर्यंत गेलेली, पण न उघडणारी. बाजूचे दरवाजे दोनच. मागे बसायचे तर पुढची सीट वाकवून आत शिरावे लागे. साडी-बुरख्यातल्या बायका, हातात तान्हे मूल आणि डबा घेऊन त्या फटीतून आत कशा जाणार, याचा विचार ती आखणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही. गाडी शौकिनांच्या मनात घर करून राहिली, कुटुंबांच्या दारात मात्र क्वचितच आली.

कुटुंबांच्या दारात आली ती सुमो. १९९४ साली ती बाजारात उतरली. सुमंत मुळगावकरांच्या नावातल्या ‘सु’ आणि आडनावातल्या ‘मु’वरून हे नाव घेतले, हे इथल्या कामगारांच्या मुलांना शाळेतल्या धड्याइतके पाठ असे. सिएरा आणि सुमोचे १९४८ सीसीचे डिझेल इंजिन एकाच घराण्यातले. पुढे तीन, मध्ये तीन आणि मागे समोरासमोरच्या दोन बाकांवर चार, अशी दहा माणसांची सोय. दहा ही कंपनीची गणती. आपल्या घरांची गणती वेगळी होती. हिंदी सिनेमाने पुढे या बिचारीला गुंडांची गाडी करून टाकले, पण निगडी, नेहरूनगर, खराळवाडी, काळेवाडीत सुमो म्हणजे लग्न, उरूस, दवाखाना आणि हजला निघालेल्यांना मुंबईपर्यंत पोहोचवणारी गाडी.

आमच्याकडची सुमो १९९६ ची होती, घरी आली २००१ मध्ये. अब्बा भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात टर्नर. कर्ज काढायचे तर व्याज आले, आणि ते घरात कोणालाच नको होते. म्हणून अब्बा, चाचा आणि मामू अशा तिघांनी पैसे जमवून जुनी गाडी घेतली. आपल्या समाजात गाड्यांवर इतकी कारागिरी का झाली, याचे एक कारण मला इथे दिसते. व्याज टाळणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याने वापरलेली गाडी घेतो. ती घरच्या मापाची नसते. मग ती मापात बसवावी लागते.

पहिला बदल दादीसाठी झाला. सुमोचे जोते उंच आणि दादीचे गुडघे दुखरे. अब्बांनी कारखान्यातल्या उरलेल्या जाड पत्र्याची, वर जाळीचे खाचे पाडलेली पायरी करून आणली. मधल्या दरवाजाखाली ती बिजागरीवर बसवली. दरवाजा उघडून पायाने दाबली की खाली येई, निघताना वर उचलायची. तिच्या बाजूला धरायला पाइपची मूठ. दादी बिस्मिल्लाह म्हणत त्या पायरीवर पाय ठेवी आणि वर चढल्यावर दर वेळी अब्बांना दुआ देई. ते काम बाजारातून करून घेतले असते तर पैसे गेले असते, दुआ बहुधा कारागिराकडे गेली असती.

मग मागचे दोन बाक. कुशनवाल्याने फोम भरून गडद हिरव्या रेक्झिनने ते मढवले, आणि चाचांनी बाकाखाली झाकणाची पेटी केली. तिच्यात पाण्याचा कॅन, जानमाज, मुलांच्या चपला, दस्तरखान. टपावर कॅरियर आणि मागे चढायला शिडी. कॅरियरवर गाद्या आणि देगी बांधल्या जात. बकरी ईदच्या आधी मागच्या बाकांमध्ये रबरी चटई अंथरून बोकडही आला आहे, आणि त्यानंतर दोन आठवडे कोणी पुढची जागा सोडायला तयार नसे. सोलापूरच्या बाजूला गाव असल्याने अडीचशे किलोमीटरचा प्रवास ठरलेला. ओझ्याने मागची बाजू बसू लागली तेव्हा मागच्या पाट्यांत एकेक पान वाढवले. गाडी उंच झाली, खड्ड्यात मात्र डोके छताला लागू लागले. मामूंनी छताला आतून फोम चिकटवून त्यावरही उपाय काढला. डॅशबोर्डवर सवारीची दुआ आणि मागच्या काचेवर रेडियमवाल्याकडून कापून घेतलेले ‘माशाअल्लाह’ होतेच.

हे सारे करणारे हात कुठून आले, हेही लक्षात घ्यायला हवे. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा आणि सोलापूरकडून माणसे या पट्ट्यात आली. कोणी आकुर्डीत बजाजमध्ये, कोणी बजाज टेम्पोत, कोणी टेल्कोत, आणि बाकीचे या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो कारखान्यांत. दिवसभर हजारो सारखे भाग काढणारा माणूस संध्याकाळी घरच्या गाडीसाठी एकच वेगळा भाग काढी. लेथ, गॅस वेल्डिंग, डेंटिंग, रंग यांतले प्रत्येक काम मोहल्ल्यात कोणाला ना कोणाला येई. श्रीमंतांच्या मॉडिफिकेशनचे नाव त्या काळी दिलीप छाब्रिया हे होते. २००४ च्या ‘टारझन’ सिनेमातली जांभळी गाडी त्यांनीच टोयोटाच्या एका गाडीवर घडवली होती आणि मुले तिची चित्रे वह्यांत चिकटवत. आमच्याकडच्या बदलांची चित्रे कोणी चिकटवली नाहीत.

चेतकचेही तसेच. १९७२ मध्ये आलेली ही स्कूटर मिळायला वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. मिळाली की पुढे लहान मुलासाठी गादी, बाजूला स्टेपनी, पाय टेकायला गार्ड, आणि पोलिओने पाय गेलेल्या माणसासाठी मागे दोन जादा चाके. अशा जादा चाकांच्या स्कूटरवर कितीतरी माणसे नोकरीला गेली, दुकानाला गेली, जुम्याला गेली. या पट्ट्यातला सर्वांत मोलाचा बदल कोणता असे कोणी विचारले, तर मी त्या दोन चाकांचे नाव घेईन.

बजाज टेम्पोच्या मॅटाडोरची कथा आणखी निराळी. तीच गाडी सकाळी शाळेची मुले नेई, दुपारी भाजी, आणि एखाद्या जमातीने घेतली की तिची मय्यत गाडी होई. आतल्या सीटा काढायच्या, मध्ये डोला ठेवायला लोखंडी रूळ, दोन्ही बाजूंना खांदेकऱ्यांसाठी अरुंद बाक. घर मालकीचे नसलेल्या, कब्रस्तान लांब असलेल्या या शहरात ती मोठी सोय होती. तिला कोणी शौकाची गाडी म्हणणार नाही. पण ती पुसून, रंगवून, चालू ठेवणारी माणसे तिच्यावर जीव लावत, हे खरे.

आता पडद्यांविषयी. सुमोच्या खिडक्यांना आतून स्प्रिंगच्या तारेवर पडदे होते, आणि मधल्या-मागच्या काचांना काळी फिल्म. घरातल्या बायकांनी आरामात बसावे, दूध पाजता यावे, नकाब वर करून खाता यावे, म्हणून ती व्यवस्था. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर अशी फिल्म लावायला मनाई केली. कारण होते काळ्या काचांआड होणारे गुन्हे. चौकाचौकांत पोलीस फिल्म खरडून काढू लागले. आमच्या घरी यावर बरीच वादावादी झाली. चाचांचे म्हणणे, हा आपल्या रिवाजावर घाव आहे. अम्मी आधी चाचांच्या बाजूची होती. फिल्म निघाली, मग पडदेही निघाले. पुढच्या उरुसाला जाताना भिगवणच्या आसपास उजनीचे पाणी लागले तेव्हा अम्मी म्हणाली, “इथे एवढे पाणी आहे होय?” अकरा वर्षे त्याच रस्त्याने ती जात होती. मी मागच्या बाकावर बसले होते, आणि पडद्याची फट करून ते पाणी मी दर वेळी पाहिले होते.

त्या निर्णयाने बायकांची अडचण झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तान्ह्या मुलांच्या आयांना आजही प्रवासात ओढणी आणि शाल यांवरच भागवावे लागते. पण काळ्या काचेआड कोणाला पळवून नेले जात असेल तर तीही कोणाची तरी मुलगी असते. मला न्यायालयाची बाजू पटते.

कायदा पुढे अधिक कडक झाला. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कंपनीने ठरवलेल्या मूळ बनावटीपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितले. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने पुढच्या लोखंडी गार्डवर बडगा उचलला होता, कारण धडकेत ते पादचाऱ्याचा जीव घेतात आणि एअरबॅगच्या कामात अडथळा आणतात. रंग बदलला तर नोंद करावी लागते. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी बदलून घ्यायची असेल तर कायदा वाट देतो, फक्त आरटीओची मंजुरी आधी हवी. ही गोष्ट अजून बऱ्याच घरांना ठाऊक नाही, आणि मंजुरीशिवाय जोडलेली चाके अपघातानंतर विम्याच्या दारात अडतात. ज्यांच्याकडे अशी स्कूटर किंवा गाडी आहे त्यांनी कागद एकदा तपासून घ्यावेत.

समोरासमोरचे ते मागचे बाकही आज पाहवत नाहीत. पट्टा नाही, डोके टेकायला काही नाही, मागून धडक बसली तर आधी मुलेच सापडणार. आम्ही त्याच बाकांवर अंताक्षरी खेळत वाढलो. आठवण गोड आहे आणि बैठक धोक्याची होती. दोन्ही गोष्टी एकाच बाकावर बसतात.

माझा भाचा चाकणला नोकरी करतो. त्याच्याकडे जुनी पोलो आहे. ही गाडी चाकणच्या फोक्सवॅगनमध्ये २००९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत तयार झाली, आणि ती बंद झाल्यावर तिच्यावरचे तरुणांचे प्रेम आणखीच वाढले. तो म्हणतो, “खाला, तुमच्या सुमोला पाना लागायचा, हिला लॅपटॉप लागतो.” इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली आकडेवारी बदलून ताकद वाढवतात म्हणे. ते मला कळत नाही. सायलेन्सर मात्र कळतो. रात्री साडेअकराला गल्लीत शिरताना त्याचे मित्र जो आवाज करतात, त्याने आजारी माणूस दचकून उठतो आणि नुकते झोपलेले बाळ रडते. शेजाऱ्याचे आणि रस्त्याचे हक्क आपण मुलांना लहानपणी शिकवतो. ते गाडीच्या चावीबरोबर पुन्हा एकदा सांगावे लागतात. दादीच्या पायरीने कोणाला त्रास झाला नव्हता. भाच्याने मूळ सायलेन्सर परत बसवला आहे. माझ्या बोलण्याने की दंडाच्या पावतीने, ते मी विचारले नाही.

जुनी गाडी ठेवणेही आता सोपे नाही. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी त्याची फी ६०० रुपयांवरून ५००० झाली, शिवाय पर्यावरण कर आणि तपासणी. आणि दुरुस्तीचे हात विखुरले. कुदळवाडीत कंपन्यांचा उरलेला पत्रा, पाइप, रबर, प्लास्टिक येई. ज्याला जे हवे ते तिथे शोधून मिळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो शेड आणि गोदामे पाडली. अनधिकृत बांधकामे, वारंवार लागणाऱ्या आगी, प्रदूषण ही कारणे सांगितली गेली. आगींचा धूर चिखलीच्या घरांत शिरत असे, हे खोटे नाही. पण त्या शेडांमध्ये आपल्या समाजातल्या बऱ्याच कुटुंबांची रोजी होती, आणि दोनशे रुपयांत जुन्या दरवाजाची कडी जुळवून देणारा माणूस आता कुठे बसतो, हे विचारत फिरावे लागते.

सुमो कंपनीने २०१९ मध्ये बंद केली. आमची २०२१ मध्ये भंगारात दिली. तेव्हा अब्बा हयात नव्हते. चॅसिसवरचा नंबर असलेला तुकडा कापून आरटीओत जमा करावा लागतो, त्याशिवाय नोंदणी रद्द होत नाही. ते मामूंनी स्वतः उभे राहून करून घेतले. आता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली तर प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलतही मिळते. गाडी देण्याआधी मी मुलीला घेऊन तिचे फोटो काढले: पायरीची बिजागरी, पेटीचे झाकण, छताचा फोम, पडद्यांच्या तारेची भोके. प्रत्येक फोटोखाली कोणी केले आणि कोणासाठी केले, ते लिहिले. रेक्झिनवाल्याचे नाव कोणालाच आठवेना. चाचांनी दोन दिवसांनी फोन करून ते सांगितले.

पायरी तेवढी काढून ठेवली आहे. अम्मीचे गुडघे आता दादीसारखे झाले आहेत, आणि भाच्याची पोलो इतकी खाली आहे की तिला पायरी नको, उठायला हात लागतो.