कोरडवाहू शेत आणि सरकारी संशोधनाचा पैसा

सोलापूरच्या गिरण्या, चादरी आणि सिद्धेश्वराची यात्रा यांविषयी आपल्यापैकी कोणीही चार वाक्ये सहज बोलेल. पण याच शहराच्या आसपास असलेल्या शेती-संशोधन केंद्रांविषयी विचारले, तर बहुतेकांना फाटकावरच्या पाटीपलीकडे काही सांगता येत नाही. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि आमची थोडी कोरडवाहू जमीन मंगळवेढा तालुक्यात आहे. त्यामुळे 'सरकारने नवे केंद्र मंजूर केले' अशी बातमी वाचली, की माझ्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. हा पैसा येतो कोठून? आणि तो शेताच्या बांधापर्यंत पोहोचतो कसा?

पहिल्या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागेल. शेतीवरील शाही आयोगाच्या शिफारशीनंतर १९२९ साली दिल्लीला शाही कृषी संशोधन परिषद स्थापन झाली. आजची भारतीय कृषी अनुसंधान परिषद ती हीच. १९४० च्या एका कायद्याने काही शेतमालाच्या निर्यातीवर शेकडा अर्धा टक्का कर बसवला गेला आणि त्याचे उत्पन्न या परिषदेकडे जाऊ लागले. हा कर २००६ मध्ये रद्द झाला. म्हणजे ज्याला आपण 'सरकारी अनुदान' म्हणतो, त्यातला काही भाग अनेक वर्षे शेतमालातूनच उभा राहत होता. अनुदान म्हणजे उपकार नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

या परिषदेच्या पैशावर १९३३ च्या सुमारास देशात पाच ठिकाणी कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले : सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक. सोलापूरची निवड योग्यच होती. आपल्याकडचा बराचसा भरवशाचा पाऊस सप्टेंबरात पडतो. काळ्या रानात मुरलेल्या त्या ओलीवर शेतकरी रब्बीची ज्वारी पेरतो आणि पुढे पाऊस पडला नाही तरी पीक काढतो. ही ओल जास्त दिवस कशी टिकवायची, एवढाच संशोधकांपुढे प्रश्न होता. त्यांनी सांगितलेले उपाय असे : बांधबंदिस्ती, काही वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, वारंवार कुळवणी, पातळ पेरणी, दोन ओळींत दीड फुटाचे अंतर आणि वेळेवर कोळपणी.

उपाय खरे होते, तरी ते गावोगाव रुजले नाहीत. शेतकरी अडाणी म्हणून रुजले नाहीत, असे काही जण म्हणत. माझे मत वेगळे आहे. त्या काळी हेक्टरी उत्पन्न दोनशे ते चारशे किलो होते आणि या पद्धतीने ते पंधरा-वीस टक्क्यांनी वाढे. आता हिशेब करा. तीनशे किलोवर वीस टक्के म्हणजे साठ किलो. एकरी चोवीस किलो. एवढ्या ज्वारीसाठी खोल नांगरटीला जादा बैल लावणे कोणाला परवडणार? शेतकऱ्याने हिशेब केला होता आणि तो बरोबर होता. पुढे सुमारे दहा वर्षांनी ती योजना संपली.

त्याच जिल्ह्यात, त्याच सुमारास, दुसरे एक काम झाले आणि ते मात्र घरोघर गेले. मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हे वाण तयार झाले. त्याला जादा बैल लागत नव्हते, कर्जही लागत नव्हते. भाकरी चवदार आणि कडबा भरपूर. आज इतक्या वर्षांनंतरही आमच्याकडे ते पेरले जाते.

१९७० मध्ये कॅनडाच्या सहकार्याने अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती प्रकल्प सुरू झाला आणि त्यात सोलापूर केंद्राचा समावेश झाला. अशा समन्वित प्रकल्पांत साधारणतः पंचाहत्तर टक्के खर्च परिषद करते व पंचवीस टक्के राज्याच्या वाट्याला येतो. आपल्याकडे हे काम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामार्फत चालते. याउलट २००५ साली केगाव येथे स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र ही परिषदेची स्वतःची संस्था आहे. तेल्या रोगाने बागाच्या बागा बसत असताना हे केंद्र उभे राहिले. रोग झाल्यावर तो पुरता बरा करणारे औषध नाही; म्हणून निरोगी रोपे, बागेची स्वच्छता, झाडांना विश्रांती आणि योग्य बहराची निवड यांवरच भर द्यावा लागतो. याच केंद्राने लोह व जस्त अधिक असलेले 'सोलापूर लाल' हे वाण २०१७ मध्ये दिले.

२००५ ते २०१७ म्हणजे बारा वर्षे झाली. पीक निघते एका वर्षात, सरकार असते पाच वर्षांचे, आणि फळझाडाचे वाण तयार व्हायला असे तप जाते. मला वाटते, संशोधनाला दिलेल्या पैशाची खरी अडचण येथे आहे. इमारतीला एकदाच पैसा लागतो आणि तिच्या उद्‌घाटनाची कोनशिला बसते. शास्त्रज्ञाची जागा मात्र दरवर्षी भरलेली असावी लागते, आणि भरलेल्या जागेची कोनशिला कोणी बसवीत नाही.

राज्याच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात सोलापूरला श्रीअन्न उत्कृष्टता केंद्र देण्याची घोषणा झाली. श्रीअन्न म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणी यांसारखी भरडधान्ये. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये हे केंद्र बारामतीला करण्याचा निर्णय झाल्याचे समजताच सोलापुरात तीव्र विरोध उमटला. तो राग मी समजू शकतो. ज्या मातीत मालदांडी घडली, तिथल्या माणसाला ज्वारीचे केंद्र दुसरीकडे जाताना वाईट वाटणारच. मात्र केंद्र कोठे, एवढ्यावरच आपले भांडण संपू नये. निधीची हमी किती वर्षांची आहे? मंजूर जागांपैकी किती भरल्या आहेत? केंद्र जी शिफारस करील, ती पाच एकर कोरडवाहू असणाऱ्याला परवडेल काय?

हे प्रश्न विचारायला शास्त्र शाखेची पदवी लागत नाही. अर्थसंकल्प वाचता यावा आणि एकरी चोवीस किलोचा हिशेब मांडता यावा, एवढे पुरेसे आहे. कला महाविद्यालयातून आपण तेवढे तरी शिकून बाहेर पडावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.