इंजिन बांधलं, पण तापतंय!

माझ्या भाच्यानं अंगणातच जीपचं इंजिन बांधलं. नवे पिस्टन, नव्या रिंगा. दहा किलोमीटरवर काटा लाल पट्ट्यात! "मामू, नवं इंजिन तापतंच," तो म्हणाला. थोडं तापतं, हे खरं. रिंगा बसेपर्यंत घर्षण जास्त असतं. पण इतकं नाही. तशीच दामटली तर हेड वाकतं, आणि या जीपच्या भाड्यावर त्याचं घर चालतं.

मंडळी, पहिला संशय हवेचा घ्यावा. पाणी भरताना आत हवा कोंडते. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढा (गरम असताना उघडलं तर तोंड भाजतं!), मग इंजिन सुरू करून पाणी घालत राहा. बुडबुडे काही वेळानं थांबले, तर ती कोंडलेली हवा. थांबतच नसतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. हेड उतरवणं आलं. नंतर थर्मोस्टॅट. तो तापत्या पाण्यात टाकून उघडतो का, ते पाहावं. पुष्कळ जण तो काढूनच टाकतात, मला ते पटत नाही.

भाच्याचे बुडबुडे थांबले, थर्मोस्टॅटही उघडला. तरी काटा चढलाच. शेवटी हेड उतरवलं, तर गॅस्केट उलटं बसलेलं. पाण्याची दोन भोकं पार झाकली गेली होती.