शून्यालगतचा आकडा

केंब्रिजचे रँग्लर डी. सी. पावटे १९५४ साली कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तेव्हा धारवाड मुंबई राज्यातच मोडत होते आणि एकसामयिक समीकरणे सोडवणे हे कागद, पेन्सिल व चिकाटी यांचे काम होते. याच हुबळी-धारवाडात २०१५ साली आयआयआयटी आणि २०१६ साली आयआयटी स्थापन झाली. तेथील विद्यार्थी आता ते काम संगणकाच्या हवाली करतो. मात्र ज्या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या भरवशावर तो विसंबतो, तिचे अंतरंग त्याने एकदा तरी नजरेखालून घालावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

त्यासाठी ‘जामा’सारखी हलकी लायब्ररी फार सोयीची. जावा भाषेतील तिचा सारा कारभार अवघ्या सहा क्लासांत आटोपतो: एक मॅट्रिक्सचा, म्हणजे ओळी व स्तंभ यांत मांडलेल्या आकड्यांचा, आणि बाकीचे पाच त्या मॅट्रिक्सचे विघटन करण्याच्या निरनिराळ्या पद्धतींचे. समीकरणे सोडवण्याचा हुकूम मिळताच ती ओळी व स्तंभ समसमान आहेत की नाहीत हे पाहते. असल्यास एलयू, नसल्यास क्यूआर ही पद्धत योजते.

एलयूमध्ये ओळींची जी अदलाबदल होते, तिचे मर्म मात्र उदाहरणाशिवाय ध्यानात यायचे नाही. ०.०००१क्ष + य = १ आणि क्ष + य = २ ही दोन समीकरणे घ्या, आणि प्रत्येक पायरीवर तीनच सार्थ अंक राखा. पहिल्या समीकरणाला १०,००० ने गुणून ते दुसऱ्यातून वजा केले, तर –९,९९९ आणि –९,९९८ हे दोन्ही आकडे –१०,००० होऊन बसतात. य १ येतो आणि क्ष चक्क शून्य! वास्तविक क्षची किंमत एकाच्या अगदी निकट आहे. ओळींची अदलाबदल करून मोठा सहगुणक आधी घेतला, की त्याच तीन अंकांत क्ष १ आणि य १ असे विश्वसनीय उत्तर मिळते. शून्यालगतच्या आकड्याने भागण्यातला हा धोका ज्याने स्वहस्ते पडताळला, तो संगणकाचे उत्तर डोळे मिटून स्वीकारणार नाही.

अभ्यासाला जामा सोयीची असली, तरी मोठ्या कामाची गोष्ट वेगळी: हजार ओळी व हजार स्तंभांच्या दोन मॅट्रिक्सांच्या नेहमीच्या गुणाकारात शंभर कोटी गुणाकार होतात. तेथे जामाचा हट्ट धरू नये. मॅट्रिक्सचे तुकडे पाडून प्रोसेसरजवळच्या जलद स्मृतीचा पुरेपूर उपयोग करणाऱ्या, १९९२ पासून प्रचलित असलेल्या ‘लॅपॅक’ या लायब्ररीचा आश्रय घ्यावा.