यंत्रयुगाचे कर्ते, भाग ९ : एडवर्ड ॲलिस, शोध न लावणारा कारखानदार

या लेखमालेत आतापर्यंत भेटलेली माणसे बहुतेक शोधक होती. मागच्या भागातल्या ऑलिव्हर एव्हान्सने तर धान्य आत टाकल्यापासून पीठ बाहेर पडेपर्यंत माणसाचा हात लागू नये अशी गिरणी अठराव्या शतकातच उभी करून दाखवली. एडवर्ड फेल्प्स ॲलिस या जातकुळीतला नव्हता. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅझेनोव्हिया गावी १८२४ मध्ये त्याचा जन्म झाला. १८४५ मध्ये युनियन कॉलेजची पदवी घेऊन तो पुढच्याच वर्षी मिशिगन सरोवराकाठच्या मिलवॉकी शहरात आला आणि कातड्याच्या धंद्यात पडला. गिरणीचे दगड आणि गिरणीचे सामान बनवणारा ‘रिलायन्स वर्क्स’ हा कारखाना १८५७ च्या मंदीत बुडाला होता. तो १८६१ मध्ये ॲलिसने विकत घेतला, तेव्हा यंत्रविद्येचे कोणतेही शिक्षण त्याच्यापाशी नव्हते. १८८९ मध्ये तो वारला तेव्हा त्याच कारखान्यात सुमारे दीड हजार माणसे कामाला होती आणि पिठाच्या गिरण्या, लाकूड कापण्याच्या गिरण्या व वाफेची इंजिने या तिन्ही क्षेत्रांत त्याचा दबदबा होता. हे कसे घडले, याचे माझे उत्तर असे : यंत्र बनवणे आणि यंत्रकारांना हाताशी धरणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या कामाची गरज अधिक होती. ॲलिसने ते अचूक ओळखले.

पुरावा त्याच्या पडत्या काळातच सापडतो. १८७३ मध्ये मिलवॉकी शहर नवी पाणीपुरवठा योजना उभारत होते. नळ आणि पंप पुरवण्याचे कंत्राट ॲलिसने घेतले. नळ ओतण्याची भट्टीसुद्धा त्याच्याकडे नव्हती, ती त्याने कर्ज काढून उभी केली. त्याच वर्षी देशभर बँका कोसळल्या, बाजार आटला आणि १८७६ मध्ये ॲलिसचे दिवाळे वाजले. धनकोंशी तडजोड करून त्याने ‘एडवर्ड पी. ॲलिस अँड कंपनी’ या नावाने कारखाना पुन्हा सुरू केला. याच अडचणीच्या वर्षांत त्याने तीन माणसे जमवली. सॉ मिलच्या यंत्रांसाठी जॉर्ज हिंकली १८७३ मध्ये आला, पिठाच्या गिरण्यांसाठी विल्यम डिक्सन ग्रे १८७६ मध्ये आणि इंजिनांसाठी एडविन रेनॉल्ड्स १८७७ मध्ये. रेनॉल्ड्स तर प्रॉव्हिडन्सच्या प्रसिद्ध कॉर्लिस कारखान्यातला वरिष्ठ माणूस. कॉर्लिसच्या मूळ पेटंटची मुदत १८७० मध्येच संपली होती, त्यामुळे त्या धर्तीचे इंजिन सुधारून बनवायला कायद्याची आडकाठी उरली नव्हती. उणीव होती ती ते काम जाणणाऱ्या माणसाची.

ग्रेचे काम थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ॲलिसच्या कारखान्याचे नाव देशभर झाले ते प्रामुख्याने त्यातून. मिनेसोटा आणि डकोटाच्या मैदानांत वसंतात पेरला जाणारा गहू कडक दाण्याचा, पण त्याचे साल ठिसूळ. जवळजवळ लावलेल्या दगडी जात्यांखाली तो भरडला की कोंड्याचा चुरा होऊन पिठात मिसळे, दगडांच्या घर्षणाने पीठ तापे आणि भाव पडे. हंगेरीत वेगळी रीत होती : दाणा लोखंडी रुळांच्या जोड्यांमधून टप्प्याटप्प्याने फोडायचा, प्रत्येक टप्प्यावर कोंडा वेगळा काढायचा आणि मधला रवाळ भाग पुन्हा दळायचा. ग्रेने ही रीत अमेरिकेतल्या मोठ्या गिरण्यांना पेलेल अशी केली. युरोपातले रूळ दंतचक्रांवर चालत, खडखडाट करत आणि दाते झिजले की कुरकुरत. ग्रेने ते पट्ट्यांवर चालवले, त्यामुळे आवाज कमी झाला आणि त्यांची देखभालही सोपी झाली. १८७८ च्या मे महिन्यात मिनियापोलिसची वॉशबर्न ‘ए’ गिरणी पिठाच्या धुळीचा स्फोट होऊन उडाली आणि अठरा माणसे गेली. त्यानंतर शहरातल्या गिरण्या नव्याने उभ्या राहू लागल्या, तेव्हा ग्रेचे रूळ तयार होते. गव्हाचा जो वाण हलका मानला जाई त्याचे पीठ काही वर्षांतच सर्वांत पांढरे आणि महाग ठरले.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो : मग श्रेय ग्रेचे, हिंकलीचे, रेनॉल्ड्सचे, ॲलिसने फक्त पगार दिले. पण पैशाच्या जोरावर माणसे विकत घेणारा हा धनाढ्य नव्हता. ग्रे आला त्या वर्षी तो दिवाळखोर होता. आणखी महत्त्वाचे म्हणजे तिघांना त्याने आपापल्या विभागात मोकळे सोडले. स्वतः यंत्रज्ञ असता तर कदाचित स्वतःच्या आराखड्यांना चिकटून बसला असता. शोधक मालकांच्या कारखान्यांत हे वारंवार घडलेले दिसते. दुसरा आक्षेप भूगोलाचा : गहू, जंगल आणि सरोवरातली जलवाहतूक हाताशी असताना यश आलेच असते. मात्र हाच भूगोल डेकर आणि सेव्हिल या आधीच्या मालकांच्याही वाट्याला होता, आणि त्यांचा कारखाना याच शहरात बुडाला.

या कर्जबाजारी वर्षांनी ॲलिसचे राजकारणही घडवले, आणि माझ्या मते तेच त्याचे सर्वांत बोलके अंग आहे. १८७५ च्या कायद्याने ठरवले होते की यादवी युद्धात छापलेल्या कागदी नोटा १८७९ पासून सोन्यात वटवाव्यात. नाणेटंचाईने किमती घसरत जातात आणि जुने कर्ज दरवर्षी जड होते, हे ॲलिस अनुभवाने जाणत होता. म्हणून कागदी चलनाचा पुरस्कार करणाऱ्या ग्रीनबॅक पक्षातर्फे तो १८७७ मध्ये विस्कॉन्सिनच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि हरला, तरी सुमारे २६ हजार मते मिळवली. ही तर स्वार्थाची भूमिका, असे कोणी म्हणेल. पण १८८१ मध्ये, कारखाना सावरलेला असताना, तो पुन्हा त्याच पक्षातर्फे उभा राहिला आणि या वेळी मते फारच कमी पडली. पडत्या पक्षाच्या मागे सुस्थितीतला कारखानदार दुसऱ्यांदा जातो तेव्हा हिशेबापलीकडची निष्ठा मानावी लागते.

एक आक्षेप मात्र खोडता येत नाही. कामगारांसाठी १८८३ मध्ये आजारपणात मदत देणारी संस्था या कारखान्यात निघाली, हे ॲलिसच्या बाजूचे. पण मे १८८६ मध्ये आठ तासांच्या दिवसासाठी मिलवॉकी पेटले, मोर्चा रिलायन्स वर्क्सवरही आला, कारखाना बंद ठेवावा लागला. आणि काही दिवसांतच शहराच्या बे व्ह्यू भागातल्या दुसऱ्या एका कंपनीच्या पोलाद गिरणीपाशी राज्याच्या सैन्याने गोळीबार केला, त्यात माणसे मेली. तिघा तज्ज्ञांना मोकळीक देणाऱ्या मालकाने ओतकाम करणाऱ्या, भार वाहणाऱ्या शेकडो हातांना तेवढा विश्वास दिला नाही. चलनाबाबत काळाच्या पुढे असलेला ॲलिस कामाच्या तासांबाबत इतर मालकांसारखाच राहिला. १९०१ मध्ये त्याच्या कंपनीचे इतर यंत्र-कारखान्यांशी विलीनीकरण होऊन ॲलिस-चॅल्मर्स जन्मली, तेव्हा तो हयात नव्हता. त्या घडामोडीत पुढे होता तो त्याने कॉर्लिसकडून आणलेला रेनॉल्ड्स.